विकायच्या घरातला मुक्काम

एक घर घेतलं, नीट केलं आणि विकलं. एकच! तेवढ्यावर गावभर बोभाटा झाला की यांना ह्या धंद्यातलं कळतं. आता दर महिन्याला कोणी ना कोणी येतं, चहा पितं आणि विचारतं, "आम्हालाही जुना बंगला घेऊन दुरुस्त करून विकायचाय, काय काय बघायचं?" मी काय सांगणार, कपाळ! घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडं म्हणून ठेवलंय. जुनं घर घेऊन, रंगवून, विकून पाहावं असं कुणी शहाण्यानं म्हणून ठेवलेलं नाही, त्यातच काय ते समजायला हवं होतं. आम्हाला त्यात फायदा झाला का? झाला. पण ते सगळं चांगलं झालं की वाईट, हे मला आजही धड सांगता येत नाही.

आमचे हे कारखान्यातून मुदतीच्या आधीच निवृत्त झाले. हातात थोडे पैसे आले आणि डोक्यात किडा शिरला. फोनवर कुठलातरी पोरगा हातवारे करून सांगायचा, पडकं घर घ्या, चकाचक करा आणि विकून मोकळे व्हा. यांनी ते इतक्यांदा बघितलं की मला झोपेतही त्या पोराचा आवाज ऐकू यायचा. मग मळवलीला एक बंगला बघून आलो. कौलारू, पुढं पडवी, मागं विहीर, कंपाउंडला करवंदीची जाळी. मालक मुंबईचे, ते कित्येक वर्षांत फिरकले नव्हते. हातचे पैसे घातले, कमी पडले तेवढ्यासाठी तळेगावचा राहता फ्लॅट बँकेकडं गहाण टाकला आणि बंगला घेतला. तेव्हा मे महिना होता. भिंती कशा ठणठणीत कोरड्या!

तर पहिला सल्ला हाच, की मळवली-लोणावळ्याकडचं घर मेमध्ये बघायचं नाही. जुलैत बघायचं. छत्री घेऊन जायचं, प्रत्येक भिंतीला हात लावायचा आणि कपाटांच्या मागं वाकून बघायचं. आम्ही जुलैत हात लावला तेव्हा घर आमचं झालेलं होतं आणि पश्चिमेकडची भिंत पिळून काढावी इतकी ओली होती. ठेकेदार म्हणाला, सगळं प्लास्टर झोडून काढू. एजंट म्हणाला, "मॅडम, प्लास्टर कशाला? नुसता रंग मारा, गिऱ्हाईक मी दिवाळीनंतर आणतो." माझा भाऊ म्हणाला, विहीर बुजवा आणि स्विमिंग पूल करा, शनिवार-रविवारवाल्यांना तेच लागतं. ठेकेदार म्हणाला, पूल केलात तर गळतीनं मराल. मी ज्याचं ऐकायची त्याचं मला खरं वाटायचं. मान डोलावून डोलावून मानेला रग लागली. शेवटी प्लास्टर झोडलं, पूल केला नाही, आणि दोन्हींबद्दल रोज पस्तावलो.

त्यात एक दिवस न्हाणीघराचे नवेकोरे नळ चोरीला गेले. राखणीला माणूस हवा होता. हे दिवसभर फरशा, पाइप, कौलं शोधत हिंडायचे. माझा तळेगावात शिवणक्लास, बायका मशीनवर बसलेल्या टाकून मी कुठं जाणार? तेव्हा आत्या म्हणाल्या, "मला न्या तितं. हितं बसून तरी मी काय करते? तितं बसन."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. त्यांचा सगळा जन्म सुदुंबऱ्याला गेला, शेतात आणि गोठ्यात. सासरे वारल्यावर गावातल्या घरात माझ्या धाकट्या दिराच्या बायकोशी त्यांचं जमेना, म्हणून हे त्यांना आमच्याकडं घेऊन आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे गेलेले. डॉक्टरकडं न्यायचं तर दोन माणसं दोन्हीकडून धरायला लागायची. बाकी वेळ त्या गॅलरीतल्या खुर्चीवर बसून खालच्या गाड्या बघायच्या. चहाचा रिकामा कपसुद्धा त्यांच्या हातून आत जायचा नाही. मी चिडायची, मग मनात म्हणायची, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे.

अशा बाईला राखणीला? मला हसूच आलं. पण दुसरं होतं तरी कोण? नेलं त्यांना. पडवीत सिमेंटच्या गोणीवर पोतं अंथरून बसवलं. संध्याकाळी घ्यायला गेले तर म्हणतात, "आजची रात ऱ्हाते." मग दुसरी रात्र राहिल्या. मग यांनी तिथंच एक खोली झाडून घेतली आणि मायलेक मुक्कामालाच राहिले. मी लोकलनं जाऊन-येऊन.

आणि बघते तर काय! गुडघे गेलेली बाई विहिरीवर. गुडघे गेलेली बाई गवंड्यावर खेकसतीय, "आरं, त्यो कोपरा राहिला की! दिसत न्हाई व्हय तुला?" मागच्या बाजूला तीन दगड मांडून चूल घातली. कुंपणाला पावट्याचा वेल चढवला. शेजारच्या बंगल्यांवर कामाला येणाऱ्या बायका दुपारी त्यांच्यापाशी बसायला लागल्या, एकमेकींच्या उण्यादुण्याला ऊत आला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगायचं तर राग आला. आमच्या घरात हिला कप उचलत नव्हता आणि इथं बादली उचलतीय, म्हणजे आमच्या घरात काय वाईट होतं? लोकलमध्ये बसून मी हेच घोकायची.

दिवाळीच्या सुमाराला काम संपत आलं. एजंट म्हणाला, "वास्तुशांत उरकून घ्या, गिऱ्हाईक विचारतं." मला वाटलं, आत्या खूश होतील. श्रावणात सत्यनारायण चुकला तर ज्या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही, ती काय नाही म्हणणार? म्हटलं, "आत्या, भटजींना बोलावू. दूध उतू घालवायला तुम्हीच बसा."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "इकायच्या घरात दूध उतू घालवू न्हाई. ज्याचं घर त्यो घालवील."

मी चक्रावले. इतकं निर्मळ बोलल्या की वाटलं, यांना काही नाही, यांना पक्कं ठाऊक आहे की हे चार दिवसांचं आहे. आणि त्याच संध्याकाळी बघते तर चुलीपाशी बसून पुढच्या वर्षी भोपळा कुठं लावायचा ते कामवालीला सांगतायत. यातलं खरं काय मानायचं माणसानं?

विचारायचं होतं सरळ. तोंड दिलंय ना देवानं! पण सासूला असं विचारायची आमच्यात रीत नाही. "आत्या, तुम्हाला इथं राहायचंय का?" असं विचारलं आणि त्या हो म्हणाल्या तर? हप्ते कुठून भरायचे? आणि नाही म्हणाल्या तर ते मनापासून की आमच्यासाठी, हे कसं ओळखायचं? म्हणून मी विचारलं नाही. यांनीही विचारलं नाही.

गिऱ्हाइकं यायला लागली. दरवेळी आदल्या दिवशी मी जायची, चुलीची राख भरायची, गोधड्या कपाटात कोंबायची, आत्यांना मागच्या खोलीत बसवायची. म्हणायची, "जरा वेळ बाहेर येऊ नका हं." घर कसं दिसायचं, पांढरंशुभ्र, कुठं डाग नाही. माणसं यायची, नळ सोडून बघायची, खिडकीत उभं राहून फोटो काढायची आणि म्हणायची, "विचार करून कळवतो." कोणी कळवलं नाही. एकजण म्हणाला, दवाखान्यासारखं वाटतं. थंडी गेली, हप्ते चालू. यांचं पित्त वाढलं. जेवताना घास हातात धरून बसायचे. आत्या ते बघायच्या आणि ताटात अजून एक भाकरी टाकायच्या.

एकदा हे बँकेच्या कामाला तळेगावला आले होते. मी एका ब्लाउजला काजं करत होते. माझ्या समोर बसले आणि म्हणाले, "आपण तो विकूच नाही तर?"

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का?"

"हा फ्लॅट विकू. कर्ज फिटेल. आपण तिकडं राहायला जाऊ. आई चालतीय गं तिथं. हिथं आणली की परत बसणार खुर्चीवर."

आणि माझा क्लास? इतकी वर्षं जमवलेल्या बायका? मळवलीत ब्लाउज कोण शिवून घेणार, पर्यटक? मी कडाकडा भांडले. किती बोलले त्याला सुमार नाही. पुढं कितीतरी दिवस आम्ही फोनवर धुसफुसत होतो. आणि एक दिवस क्लासमध्ये बसल्या बसल्या मला त्या विहिरीवरून कळशी घेऊन येणाऱ्या आत्या दिसायला लागल्या, जायच्याच नाहीत डोळ्यांसमोरून. मशीनवर डोकं ठेवून रडले. मनाशी म्हटलं, मशीनला काय, ते तिकडंही चालतं. यांना फोन केला आणि म्हटलं, "ठीक आहे. ठेवू या घर." हे म्हणाले, "आईला आत्ता काही बोलत नाही. तू रविवारी ये, दोघं मिळून सांगू."

इथंच माती खाल्ली आम्ही. चांगली बातमी समारंभानं सांगायची हौस! रविवारी हे मला घ्यायला तळेगावला आले. मी नवी साडी नेसले होते. पाव किलो पेढे घेतले. दोघं पोचलो तर आत्या पडवीतच उभ्या, डोक्यावर पदर, चेहरा कसा उजळलेला. माझ्या हातातला पुडा बघून म्हणाल्या, "आगं बया! तुमाला कळलं बी? एजंटानं सांगितलं व्हय?"

मी म्हटलं, "काय सांगितलं?"

"घर इकलं की! सकाळच्याला एक जोडपं आलं. एजंट न्हाई, कुणी न्हाई, पाटी बघून आपलं आलं. मी चुलीपाशी. म्हटलं या, बसा, भाकरी खा. पावट्याचं कालवण व्हतं. ती पोरगी चपला काढून समदं घर हिंडली, चुलीपाशी बसली, म्हनली, आजी, आमाला असंच घर पायजे. तुमी सांगितल्याली किंमत मी सांगितली. एक रुपया कमी केला न्हाई. त्यांनी इसार दिला, मी देवापाशी ठिवला. शबुद दिलाय मी."

विसार म्हणजे काय, तर एक नोट. घर आत्यांच्या नावावर नाही, कागद नाही, सही नाही. वकिलाकडं गेलो असतो तर तो हसला असता. पण आईनं शब्द दिला आणि देवापुढं विसार ठेवला, आता तो मोडायचा कसा? यांनी माझ्याकडं बघितलं. मी यांच्याकडं बघितलं. माझ्या ओठांवर आलं होतं, "अहो आत्या, आम्ही तर..." तेवढ्यात त्यांनी यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता नीट जेव बाबा. लय दिस तुझं तोंड बघवत न्हवतं."

यांनी माझ्या हातातला पुडा घेतला, दोरा सोडला आणि एक पेढा आईच्या हातावर ठेवला. त्यांनी अर्धा मोडून मला दिला.

आम्ही घर ठेवायचं ठरवलं होतं, ते त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. कसं सांगणार? कर्ज फिटलं, वर थोडे राहिले, यांचं पित्त गेलं. आत्या परत तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतल्या खुर्चीवर. पण आता आल्यागेल्याला मोठ्या झोकात सांगतात, "एजंटाला जमलं न्हाई, मी इकलं घर." भाकरीपासून विसारापर्यंत सगळं, हातवाऱ्यांसकट. मला वाटायचं, चला, त्यांना निदान याचा तरी आनंद आहे. आणि खरं सांगितलं तर तेवढाही जाईल. कधी वाटायचं, सांगून टाकावं. मग त्यांचा चेहरा बघून गप्प बसायची.

परवा यांचे कारखान्यातले एक मित्र बायकोला घेऊन आले. ते निवृत्त व्हायला आलेत, त्यांनाही तोच किडा. यांनी सगळं समजावलं. सातबारा स्वतः वाचा. घराला जाणारा रस्ता कुणाच्या जमिनीतून जातो ते बघा. ओल बघा. ठेकेदार आणि एजंट यांचं एकाच दिवशी ऐकू नका. मीही मध्ये मध्ये भर घालत होते. मित्र मान डोलावत होते. मग ते गॅलरीकडं वळून थट्टेनं म्हणाले, "काय आजी, खरा सौदा तुम्हीच केलात म्हणे! तुम्ही काय सांगाल आम्हाला?"

मला वाटलं, आता भाकरीपासून सुरू होणार. आत्या खाली गाड्यांकडंच बघत होत्या.

"घ्या की," त्या म्हणाल्या. "नीट करा, रंग द्या, इका. पर राखनीला म्हातारं मानूस ठिवू नगा."

"का हो आजी?" मित्रांच्या बायकोनं हसत विचारलं.

"त्याला तितं बरं वाटाया लागतं," आत्या म्हणाल्या.