दाराच्या टॅगमधली तिसरी ओळ

मी नकाशे काढते. यवतमाळला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसून घरं, शाळा, गोदामं कागदावर उभी करायची, हे माझं काम. नकाशात प्रत्येक दाराजवळ एक छोटा गोल असतो. त्याला आम्ही टॅग म्हणतो. दाराचा नंबर, त्याची रुंदी, असा मजकूर त्यात असतो. गोल सगळ्या दारांना सारखा, आतला मजकूर मात्र दारागणिक बदलता येतो. सुतार तो वाचतो आणि चौकट कापतो.

आमचं घर नेरला. बाबांनी सगळी नोकरी सरकारी ऑफिसात खुर्चीवर बसून केली, आणि निवृत्तीनंतर लकव्यानं त्यांना पुन्हा खुर्चीतच बसवलं. "या खेपेले चाकं लावून देल्ले," असं ते स्वतःच म्हणायचे. उजवा हात आणि उजवा पाय शाबूत होता, त्यामुळे सपाट फरशीवर खुर्ची आपली आपण ढकलत. अडायचं ते न्हाणीच्या उंबरठ्यापाशी. तिथं पोचले की आईला हाक मारायची, आईनं शेजाऱ्याला बोलवायचं, दोघांनी मिळून खुर्ची पलीकडे न्यायची. परत काढायला यायचंच असतं म्हणून दार नुसतं लोटलेलं, आतून कडी कधीच नाही. बाबा भारी मानी माणूस. हाक कमी मारावी लागावी म्हणून त्यांनी सकाळचा दुसरा चहा सोडला होता. हे कळलं त्या दिवशी मी ठरवलं, मागच्या अंगणात त्यांच्यासाठी खोली आणि न्हाणीघर बांधायचं, आणि तिथल्या एकाही दाराला उंबरठा ठेवायचा नाही.

आईनं हे ऐकलं आणि रणशिंगच फुंकलं. "बिनउंबरठ्याचं दार असते का कुठी? इच्चू-काटा येईन, पावसाचं पाणी येईन. अन् दिवाईले हळद-कुकू मी कायले वाहू, फरशीले?" मी म्हणायचे, पाण्याला उतार देऊ, विंचवाला दाराखाली रबराची पट्टी लावू. हळद-कुंकवाचं निघालं की मी आवाज चढवायचे. फोन आपटायचे. ती आपटायची. बाबा दोघींच्या मध्ये पडत नसत. न्हाणीच्या बाबतीत बोलायचीच त्यांना लाज वाटे.

शेवटी आई गप्प झाली, पटलं म्हणून नव्हे, दमली म्हणून. मी नकाशा काढायला घेतला.

आमच्या ऑफिसात कोऱ्या फाईलवर कुणी काम सुरू करत नाही. जुना नकाशा उघडायचा, नव्या नावानं सेव्ह करायचा आणि त्यातच नवं घर बसवायचं. कालच्या दह्याचं विरजण आज, आजचं उद्या, तसंच. त्यामुळे कुठल्या तरी जुन्या शाळेच्या दारांचे टॅग आजही आमच्या प्रत्येक घरात फिरत असतात.

मला घर दोन मापांत दाखवायचं होतं. एकदा पूर्ण, लहान. आणि एकदा नुसतं न्हाणीघर, मोठं करून. टॅग दोन्हीकडे वाचता येईल एवढाच दिसायला हवा, म्हणजे स्केल बदललं की त्यानं आपोआप आपला आकार सांभाळायला हवा. मी जुन्या टॅगला तशी सोय लावली. हातासरशी त्यात तिसरी ओळही घातली: उंबरठा. टॅग बंद करून नकाशात परत येऊन बघते तर गोल खोलीपेक्षा मोठा! बाबांची कॉट, कपाट, सगळं त्याच्या पोटात. आणि तिसऱ्या ओळीचा पत्ताच नाही.

मी कॉम्प्युटरला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून चहा प्यायला गेल्या. बऱ्याच वेळानं कळलं की त्या शाळेचा नकाशा काढणाऱ्यानं तो टॅग हातानं मोठा करून ठेवलेला होता, आणि वर आता सॉफ्टवेअर त्याला आपल्या हिशेबानं पुन्हा मोठं करत होतं. हातानं केलेली वाढ मी काढून टाकली. गोल शहाण्यासारखा दाराशेजारी बसला. मग तिसरी ओळ. आधीपासून लावलेल्या टॅगना ब्लॉकमधला, म्हणजे टॅगच्या मूळ साच्यातला, बदल आपणहून कळत नाही, त्यांना तो कळवावा लागतो. त्याची कमांड दिली आणि सगळ्या गोलांत तिसरी ओळ उमटली. लहान नकाशात बरोबर, मोठ्या नकाशात बरोबर. मला इतका आनंद झाला की मी फक्त आकार बघितला. दोन्ही नकाशे नेरला पाठवले आणि डबा उघडला.

नवी ओळ जुन्या टॅगमध्ये येते ती ब्लॉकमध्ये ठेवलेला मूळ शब्द घेऊन येते. तो शब्द मीच टाकला होता, आणि सवयीनं टाकला होता. आमच्याकडे दार म्हटलं की उंबरठा असतोच. तेव्हा माझ्या बोटांनी लिहिलं होतं: आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कामाला बसले तोच आईचा फोन आला. तिनं नकाशा दुकानातून छापून आणला होता आणि चष्मा लावून वाचला होता.

"तू तं उंबरठा नाही म्हणून राह्यली होती ना?"

"हो. आता पुन्हा सुरू करू नको."

"मंग कागदावर 'आहे' काहून लिहिलं? सगळ्या दाराईले आहे. न्हाणीलेही आहे."

मी फाईल उघडली. खरंच होतं.

"सुतार आला का?" मी विचारलं.

"आला. सागवान मोजून राह्यला. मी म्हटलं थांब जरासाक, पोरीले इचारते."

थांब जरासाक. एवढंच म्हणाली होती ती त्याला. सुतारानं सागवान कापलं असतं, चौकट भिंतीत बसली असती, आणि आईला हवे होते ते सगळे उंबरठे माझ्याच सहीच्या नकाशावरून मिळाले असते. तिला कुणी दोषही दिला नसता. फक्त गप्प बसायचं होतं.

मी तिला फोन चालू ठेवायला सांगून एकेका टॅगवर गेले, "आहे" खोडलं, "नाही" लिहिलं. शब्द दोन्ही नकाशांत एकदमच बदलले. शब्दाची जागा मात्र प्रत्येक स्केलला वेगळी असते. मोठ्या नकाशात न्हाणीचं "नाही" भिंतीच्या रेघांवर चढून बसलं होतं. ते तिथून बाजूला ओढलं, नीट वाचता येतं ना ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पाठवलं. आई मोबाइल सुतारापुढे धरून एकेक दार वाचून दाखवत होती ते मला फोनवर ऐकू येत होतं. "हे नाही. हेही नाही. न्हाणीलेही नाही." वकिलासारखा ठाम आवाज. ज्या गोष्टीसाठी ती माझ्याशी इतकी भांडली, तीच गोष्ट ती स्वतःच्या तोंडानं नाकारत होती.

सुतार कामाला लागल्यावर मी तिला विचारलं, "तुला तर उंबरठा पाहिजे होता. मग कायले फोन केला?"

ती म्हणाली, "हळद-कुकू मी वर्षातून एकडाव वाहते, बाई. तुह्या बाबाचं तोंड हाक मारताना मी रोज पाहून राह्यली."

मला रडू आलं. ऑफिसातच आलं.

खोली झाली त्या रविवारी मी नेरला होते. कुणी पूजा घातली नाही, कुणाला बोलावलं नाही. बाबांनाच ते नको होतं. सकाळी चहा झाला. बाबांनी कप पुढे केला आणि आईकडे न बघता म्हणाले, "अजून अर्धा दे." आईनं कप भरून दिला. थोड्या वेळानं ते खुर्ची वळवून निघाले. नव्या न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी, हात पोचेल एवढ्या उंचीवर, आईनं हळद-कुंकवाची बोटं ओढलेली होती. उंबरठ्याऐवजी तिनं ही जागा शोधली होती. बाबांनी त्या दोन बोटांच्या मधून चाकं नेली. चाकं कुठंही अडली नाहीत. आईनं सवयीनं पदर खोचला होता आणि शेजाऱ्याला हाक मारायला ती अर्धी उठलीही होती.

तेवढ्यात आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आई पुन्हा खाली बसली. माझ्याकडे बघून हलकेच म्हणाली, "आयकलं का? कडी लावली त्याईनं."