सगुणाचा कौल

सगुणाला कौल ठाऊक होता तो देवीचा. आनंदा गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावतो, सगळी वाडी श्वास धरून बसते. उजवं फूल आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. म्हणून दारात आलेली हेतल नावाची शहरातली पोर टॅब पुढे धरून "मावशी, मतदारांचा कौल घेतोय," म्हणाली, तेव्हा वाळत घातलेले बांगडे उलटणारे सगुणाचे हात थांबले.

पूर्णगडच्या अलीकडच्या त्या खारवीवाडीत तेव्हा एकच विषय होता, किनाऱ्यावर होऊ घातलेलं मोठं बंदर. वाडीने देवीपुढे नारळ ठेवून ठरवलं होतं, कुणी विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, नको. सगुणानेही त्या नारळाला हात लावला होता.

महागाई, रस्ता, दवाखाना असे प्रश्न झाले. मग हेतलने विचारलं, "आणि बंदर? हवं की नको?"

दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे शेजारची चिमाकाकू भांडी घासत होती. लेक सर्वेश मुंबईला गेल्यापासून सगुणाच्या घराला जाग यायची ती शिमग्याला आणि गणपतीला. बंदर झालं तर पोरगा इथेच कामाला लागेल.

ओठ न हलवता ती म्हणाली, "हवा."

"तुमचं नाव कुठे येणार नाही हं, मावशी. फक्त फोन नंबर द्या. महिन्याभराने दुसऱ्या फेरीला फोन करू."

नंबर दिला, आणि घरात भीती शिरली.

गेल्या साली वाडीने गुणवंतीचं घर वाळीत टाकलं होतं. कुणी भांडलं नाही की ओरडलं नाही. फक्त तिच्या नवऱ्याची होडी पाण्यात लोटायला एकही खांदा आला नाही. होडी अजून वाळूतच आहे. सगुणा जाता-येता तिच्याकडे बघायचं टाळते.

पुढे पेपरात सर्व्हेचा निकाल आला. वाडीचा पुढारी महिपत याने तो देवळात, भरल्या बैठकीत वाचून दाखवला. वाडीतल्या निम्म्याहून जास्त लोकांना बंदर हवं होतं.

"आनंदा, कौल लाव," महिपत म्हणाला. "एकेका घराचं नाव घेऊन विचार. शब्द कुणी मोडला ते आईच सांगेल. किनाऱ्याकडनं सुरू कर."

किनाऱ्याकडून पहिलं घर सगुणाचं. आता नाव घेतील, आता फूल पडेल. वाळूत उताणी पडलेली दुसरी होडी सगुणाला डोळ्यांपुढे दिसू लागली.

आनंदाने फूल उचललं, तशी मागून चिमाकाकू बोलली, "आनंदा, फुला पुरतील काय रं?"

"म्हणजे काय, काकू?" महिपतने विचारलं.

"निम्म्याच्या वर मानसा हायत म्हंतोस. वाळीत टाकलेली जास्त नि टाकनारी कमी. मंग कुनाची होडी कोन लोटनार? नि लावायचाच तर पयला तुज्या घराचा लाव. पुढारी तू."

कुणी हसलं नाही. सगुणाने हळूच मान वर केली. सगळ्यांच्या नजरा आपापल्या पायांवर होत्या.

महिपतने घसा खाकरला. "ऱ्हाऊ दे आज. उशीर झालाय."

देवळाच्या पायरीवर अजून ऊन होतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी सगुणा दिवा लावत असताना फोन वाजला. नंबर अनोळखी. दुसरी फेरी. तिने फोन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि झाकण दाबून धरलं. तांदळात तो घुमत राहिला, मग थांबला.

जरा वेळाने गडग्यापलीकडे चिमाकाकूचा फोन वाजला. देवळात सगळ्यांदेखत बोललेल्या काकूने तो उचलला नाही. मग वरच्या अंगाला आरती सुरू झाली. ती महिपतच्या फोनची, सगळ्या वाडीला ओळखीची. एरवी पहिल्या ओळीतच फोन उचलून मोठ्याने बोलणारा महिपत घरीच होता. त्याचा खोकला ऐकू येत होता.

आरती वाजून संपली. पुन्हा सुरू झाली.

सगुणा झाकणावरचा हात न काढता अंधारात बसून राहिली.