दुसरी माळ

माणूस रोगाने मरत नाही, पेजेने मरतो, असं शेवटपर्यंत मानणारा सबंध मावळात एकच माणूस होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. औंढ्याचे शेतकरी, तरुणपणी जत्रेतले पैलवान, पुढे देहूरोडच्या लष्करी डेपोत माल उचलायला. आम्ही त्यांना काका म्हणत असू. मी पुण्याला एका वर्तमानपत्रात होतो. औंढ्याला गेलो की काका आधी माझा दंड चिमटीत धरत आणि चुलीकडे तोंड करून ओरडत, "अगं, तुजा भाचा अजून पातळ झालाय. पेपरात घडी घालून पाठवत्यात जनू!"

कोण आजारी पडलं ही बातमी त्यांना सर्वांत आधी लागे. त्या काळी ताप आला की लंघन, मग पेज, फार तर साबुदाणा, अशी रीत होती. काका त्या घरात न विचारता शिरत, पांघरूण बाजूला करत, आधी दंड आणि मग पोटरी दाबत आणि निकाल सांगत. सदऱ्याच्या एका खिशात उकडलेली अंडी असत, हातात हुलग्याच्या कढणाचा किंवा बोकडाच्या पायांच्या रश्श्याचा डबा. कुसगावात विषमज्वराने खंगलेल्या एका म्हाताऱ्याच्या उशाची पेज त्यांनी अंगणात नेऊन कुत्र्यापुढे ओतली. कुत्र्याने हुंगून सोडली. "कुत्रं खात न्हाई त्ये आबाला कशापायी घालताय?" त्यांनी आबांना आठवडाभर रस्सा पाजला. आबा गेलेच. तिरडी उचलण्यापूर्वी काकांनी त्यांचा दंड दाबून पाहिला आणि चारचौघांत म्हणाले, "मांस हाय. दुसरंच कायतरी झालं." त्यानंतर आबांचा मुलगा त्यांच्याशी बोलला नाही. त्यात आपलं काय चुकलं, हे काकांना कधी समजलं नाही.

या मोहिमेतून एकच घर सुटलं होतं, त्यांचं स्वतःचं. मावशी माळकरी होती. तिच्या चुलीवर अंडं चढत नसे. काका आपली अंडी गोठ्यात तीन दगडांवर उकडत आणि चूळ भरून घरात येत. "चूळ भरून काय हुतंय? कोंबडी वरडती तोंडात," मावशी म्हणे.

साठच्या दशकातल्या एका भातकापणीत मावशीच्या पायाला विळा लागला. जखम लहान होती. काही दिवसांनी तिचा जबडा मिटला तो उघडेना. धनुर्वात. इस्पितळात तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. भांडं वाजलं तरी अंग कमानीसारखं ताठ होई. गुंगीची औषधं चालू होती आणि नाकातून पोटात नळी होती. तिच्यातून दूध जाई, काकांनी गाळून आणलेलं कढणही जाई. तरी काका रोज तिचा दंड धरत तेव्हा तो कालच्यापेक्षा बारीक लागे. हा निकाल त्यांनी कोणालाच सांगितला नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना व्हरांड्यात बोलावलं. "ताप आणि झटके अंगातलं मांस खातायत. दुधाने भागत नाही. छातीचे स्नायू असेच झिजले, तर झटके थांबतील पण श्वास ओढायला बळ राहणार नाही. दुधात अंडी फेटून द्यायला हवीत. गळ्यात माळ आहे, म्हणून विचारते."

मावळभर अंडी वाटणारा माणूस भिंतीला टेकून खाली बसला.

"तिला इचारल्याबिगर कसं?"

"त्या शुद्धीत नाहीत."

"आन् शुद्धीत आल्यावर? मी कुटं तोंड दाखवू?"

काका बऱ्याच वेळाने उठले, खोलीत गेले आणि तिला धक्का न लागू देता तिच्या गळ्यातली माळ काढली. माळ भुईला ठेवायची नसते. खोलीत खुंटी नव्हती. त्यांनी ती स्वतःच्या गळ्यात घातली, परिचारिकेला "आता घाला" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

मावशी वाचली, भिंत धरून का होईना चालू लागली. माळ तिच्या गळ्यात परत गेली. पण काकांनी स्वतःसाठी दुसरी करून घेतली. "येकदा गळ्यात आली म्हंजी आली," एवढंच म्हणाले. गोठ्यातली चूल विझली. आजाऱ्यांकडे ते जात, पण डब्यात फक्त कढण असे. "माज्या दुखन्यानं यांना देव भेटला," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तेव्हा काका मान खाली घालून भाकरी मोडत राहत. पैलवानाचे दंड हळूहळू ओघळले.

काही वर्षांनी न्यूमोनियाने त्यांना त्याच इस्पितळात नेलं. पुन्हा तोच सल्ला मिळाला, अंडी द्या. काकांनी गळ्याला हात लावून मान फिरवली. मी भेटायला गेलो तेव्हा मावशी अंडं फेटलेल्या दुधाचा पेला घेऊन शेजारी बसली होती.

"घ्या वो. मला घातलं तवा मी काय तक्रार केली?"

काकांनी डोळे उघडले. "तुला कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? नळी हुती तवाच ढेकर आली. इतकी वर्सं तुमच्या तोंडाचा वास घेतलाय, मला अंडं कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी माळ घातली. म्हनलं, ऱ्हाऊ द्या. शोभतीया."

तिने त्यांच्या गळ्यातली माळ काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि चमचा पुढे केला. काकांनी तोंड उघडलं. मी निघताना त्यांचा दंड धरला. माझी बोटं पलीकडे एकमेकांना टेकली. "पेपरात घडी घालून पाठव," ते म्हणाले आणि दमून हसले.

अंड्याला उशीर झाला होता. पुढे मी औंढ्याला गेलो की मावशी माझा दंड धरून बघे. तिच्या गळ्यात तेव्हा दोन माळा असत. दुसरी भुईला ठेवता येत नव्हती, आणि ज्याची त्याला परत द्यावी तर तो गळा राहिला नव्हता.