सगळ्यांचा एक पासवर्ड

मुलांनो, परवा तुम्ही विचारलंत, काकाच्या कारखान्यात प्रत्येकाला वेगळा पासवर्ड कशाला? कॉलवर सांगायला गेले की मध्येच आवाज तुटतो, म्हणून ही आजी लिहून पाठवते.

आपली शेड कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. पंपांचे सुटे भाग आपण करतो. गिऱ्हाईक भागाचं ड्रॉइंग पाठवतं, त्याप्रमाणे माल करून द्यायचा. ड्रॉइंग त्यांच्या मालकीचं, आपल्याकडे फक्त विश्वासानं ठेवलेलं. ती सगळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर असतात.

तुमचे आजोबा गेल्यापासून ऑफिसची व्यवस्था माझ्याकडे आहे. फायलींना रंग दिले, किल्ल्यांना नंबर. कॉम्प्युटरचा पासवर्ड सारखे सगळे विचारत, म्हणून मी तो सुवाच्य अक्षरात लिहून, लॅमिनेट करून स्क्रीनच्या कडेला चिकटवला. इंग्रजी अक्षरांत 'चांगभलं'. जोतिबाला जाऊन येऊन शेड सुरू केली होती, दुसरं काही सुचलं नाही. त्या कार्डाचा मला अभिमान होता, हे कबूल करते.

आपल्याकडे काम सोडून गेलेला माणूस परका होत नाही. शेजारच्या शेडमध्ये नोकरी धरली तरी दुपारी चारला चहाला येतो, आपल्या जुन्या खुर्चीवर बसतो. कोणी त्याला ऊठ म्हणत नाही.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांचं ड्रॉइंग, आपल्या शिक्क्यासकट, दुसऱ्याच एका शेडमध्ये त्यांच्या माणसानं पाहिलं होतं. हे कसं झालं ते आठ दिवसांत कळवा, नाहीतर काम बंद, असं त्यांनी सांगितलं. शेडचं अर्धं काम त्यांचंच होतं.

काकाला वाटलं, इंटरनेटवरून कोणीतरी घुसलं. त्यानं कोल्हापुरातून कॉम्प्युटरचा जाणकार मुद्दाम बोलावला. तासाभरानं तो म्हणाला, "बाहेरून कोणी आलेलं नाही. प्रिंट इथूनच निघाली आहे. मंगळवारी, चार वाजून दहा मिनिटांनी."

सगळी शेड ज्यांना मामा म्हणते, ते तेव्हा चहा पीत होते. आजोबांच्या पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगचं काम बघणारे. त्यांनी कप खाली ठेवला. "मीच दिलती. आपला जुना पोरगा आलता. म्हणाला, मामा, एक माप बघायचंय. म्हटलं काढ की प्रिंट. त्यो काय चोर हाय व्हय?"

"मामा, ड्रॉइंग आपलं नव्हतं," काका म्हणाला.

"माणूस तर आपलाच हाय की."

काकाचा आवाज चढला. "तुमच्या या माणुसकीपायी शेडला कुलूप लागेल. उद्यापासून येऊ नका."

मामांनी चष्मा डबीत घातला आणि खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. मला ते बघवेना. मी उठून स्क्रीनवरचं कार्ड सोलून काढलं आणि काकाच्या हातात दिलं. "हे अक्षर कुणाचं? मग मलाही घरी बसव."

काकानं कार्ड बाजूला ठेवलं, पट्टी उचलून मामांच्या हातात परत दिली. मग म्हणाला, "बसा, मामा."

त्या संध्याकाळी मी यादी केली, कोणाकोणाला ड्रॉइंग उघडता येतात. काका आणि मी धरून शेडमध्ये अकरा माणसं, यादीत सतरा नावं. सोडून गेलेले सहाही त्यात होते.

दुसऱ्या दिवशी यादी बघून मामा म्हणाले, "म्हंजे वहिनी, आता आमच्यावर पाळत."

"भावजी, पहिलं नाव कोणाचं खोडलंय बघा."

माझं होतं. मला ड्रॉइंग कशाला लागतात? काकाला फक्त बघता येईल, प्रिंट काढता येणार नाही. ज्याला कामाला लागतं त्यालाच, त्याच्या स्वतःच्या पासवर्डनं. काम सोडलं की त्याच दिवशी त्याचं खातं बंद. प्रिंटची नोंद वहीत, आणि वही मामांकडे.

"माझ्याकडं?" मामांनी दोनदा विचारलं.

गिऱ्हाइकाला मी सगळं खरं लिहून कळवलं, माझ्या कार्डासकट. त्यांची एक तरुण इंजिनिअर येऊन दिवसभर बघून गेली. मामांनी तिला वही दाखवली, पण तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पान उघडलं तशी झाकली. "पावणं, ते तुमचं न्हाय." ती हसली. काम चालू राहिलं.

तो जुना पोरगा अजून चारला येतो. आता चहा सगळे बाहेर पायरीवर बसून पितात. बरं वाटतं तिथं, वारा असतो.

आजोबांनी केलेल्या पहिल्या भागाचं ड्रॉइंग या पत्राबरोबर तुम्हाला पाठवावं, असं माझ्या मनात होतं. काल मामांकडे मागितलं.

"कशाला पायजे?"

"नातवंडांना दाखवायला."

मामांनी चष्मा लावून वही उघडली, वाचली, मिटली. "गिऱ्हाइकाचं हाय, वहिनी. न्हाय देता यायचं."

म्हणून सोबत काही नाही. तुम्ही आलात की ऑफिसात ठेवलेला तो भागच हातात घेऊन बघा.