आबांनी तपासलेली गाडी

समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीवर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे व्रत माझ्या नणंदेच्या सासऱ्यांइतक्या निष्ठेने पाळणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. माणसं, यंत्रं, फळं, हवामान, सगळी त्यांच्या लेखी आरोपी; गुन्हा अजून उघडकीला आलेला नाही, एवढंच. सांगलीच्या एका शाळेत ते इतिहास शिकवायचे. परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून उभं राहून राहून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती, ती म्हणजे सगळ्यात निरागस चेहऱ्याच्या मुलाच्याच मोज्यात चिठ्ठी असते. निवृत्तीनंतर शाळा सुटली, पर्यवेक्षण सुटलं नाही. मुलगा आणि सून सिंगापुरात, बुकित पंजांगला. त्यामुळे आबा दर हिवाळ्यात इथे येऊ लागले आणि अख्खं सिंगापूर त्यांच्या देखरेखीखाली आलं. आबा हे नातीने दिलेलं नाव. आता आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो.

इथे नळाचं पाणी तसंच प्यायलं तरी चालतं, हे आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेला भरला आणि माझ्या नवऱ्यापुढे सरकवला. "तुम्ही घ्या आधी." नवरा प्याला. आबांनी त्याच्यावर संध्याकाळपर्यंत नजर ठेवली आणि मग स्वतः दोन घोट घेतले. शेजारची चिनी आजी एकदा लिफ्टमध्ये त्यांच्याकडे पाहून हसली, तर घरी येऊन म्हणाले, "काल हसली नव्हती. आज काय झालं?" त्याच आजीने घरी केलेल्या बिस्किटांचा डबा दिला, तेव्हा आबांनी तो उघडा करून ओट्यावर ठेवला आणि मुंग्या येतात का ते पाहत बसले. आल्या नाहीत. त्यामुळे संशय दुणावला. "मुंग्यांनाही नको असं काय घातलंय यात?" पुढे डबा रिकामा झाला. निम्म्याहून अधिक बिस्किटं आबांनीच खाल्ली, अर्थात तपासाचा भाग म्हणून.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची आणि जेवण आणायला जायचं, ही इथली पद्धत. आबांना ते बेवारस पाकीट दिसलं. त्यांनी आम्हाला हाताने मागे थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हात लावू नका. माणसं पकडायला ठेवलंय." मग त्या पाकिटाचा मालक नूडल्सची वाटी घेऊन येईपर्यंत ते तिथे पहारा देत उभे राहिले. मालकाने आभार मानले, तर त्याच्या आभारांवरही त्यांचा विश्वास बसला नाही. पण या सगळ्यावर कडी केली ती बुकित पंजांगच्या एलआरटीने. दोन डब्यांची ती गाडी चालकाशिवाय चालते. आबा पहिल्यांदा फलाटावर आले तेव्हा म्हणाले, "चालक दाखवा, मग बसतो." कसेबसे बसले. गाडी इमारतींच्या अगदी जवळून जाताना तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. हे आम्ही सांगायच्या आतच काचा धुरकटल्या. आबांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो पुरावा एकदाचा हाती आल्याचं समाधान होतं त्या नजरेत.

तपासणीची त्यांची एक रीत होती. आधी छत्रीच्या टोकाने वस्तूवर टकटक करायची, मग वाकून खालून पाहायचं, मग थोडा वेळ नुसतंच उभं राहायचं, म्हणजे वस्तू गाफील राहून काही चूक करते का ते कळतं. शेवटी निकाल द्यायचा. "चालेल" हा सर्वोच्च निकाल. "चांगलं आहे" असं मी त्यांच्या तोंडून, माझ्या उकडीच्या मोदकांसकट, कशाबद्दलच ऐकलेलं नव्हतं.

आम्ही या साऱ्याला हसायचो. नणंद, म्हणजे शर्वरी, मात्र हसायची नाही. तिला कारण होतं. तिची मुलगी ईरा पाच वर्षांची असताना लिफ्टचं दार तिच्या आणि आईच्या मध्ये बंद झालं होतं आणि पोर एकटीच वरच्या कुठल्यातरी मजल्यावर गेली होती. मिनिटभरात सापडली, पण तेव्हापासून लिफ्ट, बस, गाडी, ज्याला म्हणून दार आहे त्यात पाऊल टाकायला ती तयार नसायची. आबा आले आणि ईरा त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये जाऊ लागली, पण आबांनी टकटक करून, वाकून, "चालेल" म्हटल्यावरच. शर्वरीला वाटायचं, भीती कमी होण्याऐवजी तिला खतपाणी मिळतंय. "वहिनी, आता ती बालवाडीतल्या घसरगुंडीलासुद्धा म्हणते, आबा नेव्हर चेक," तिने मला फोनवर सांगितलं. "जानेवारीत पहिली सुरू होईल. शाळेच्या बसने एकटीला जायचंय. रोज बसखाली कोण वाकणार?"

म्हणून मी डिसेंबरचा बेत आखला. एका मॉलसमोरच्या पटांगणात ख्रिसमससाठी छोटी आगगाडी येते. लाल इंजिन, चार उघडे डबे, गोल रूळ, मध्ये झाड. डब्यांना दार म्हणजे नुसती गुडघाभर उंचीची फळी. ईरा त्यात एकटी बसली तर बसची भीती निम्मी गेली, असा माझा हिशेब. मी वेळ ठरवली, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, फेसाचा बर्फ उडवतात म्हणून जादा टीशर्ट घेतला. शर्वरीने आबांकडून शब्द घेतला, की आज ते काहीही तपासणार नाहीत आणि कशाबद्दलही बोलणार नाहीत. खरेदीची पावती दाखवली की फेरी फुकट, हे कळल्यावर आबांचे ओठ थरथरले. पण त्यांनी शब्द पाळला.

ईरा फळीपर्यंत गेली आणि थांबली.

"काही होत नाही, बाळा," शर्वरी म्हणाली.

"हाऊ यू नो?"

डोक्यावर हरणाची शिंगं लावलेली मदतनीस मुलगी हसून म्हणाली, "नेक्स्ट राउंड, कॅन?" पुढची फेरी गेली. त्याच्या पुढचीही गेली. मागे रांगेतली मुलं आम्हाला वळसा घालून बसत होती. ईरा रडत नव्हती. हात मागे बांधून आबांकडे बघत होती. आबाही हात मागे बांधून झाडाच्या शेंड्यावरच्या चांदणीकडे बघत होते. त्यांना किती कष्ट पडत होते ते त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं.

"आबा, टेल मी," ईरा म्हणाली.

"मला बोलायची परवानगी नाही," आबा चांदणीला म्हणाले.

शर्वरीने डोळे पुसले. अश्रू रागाचे होते की हरल्याचे, कोण जाणे. "आबा, तुमचा शब्द तुम्हाला परत. बघा काय बघायचंय ते."

मग आबा पुढे झाले. त्यांनी चाकांवर टकटक केली. वाकले. फळीची कडी तीनदा उघडून लावली. हिरव्या टोपीतल्या चालकाला विचारलं, "यू ड्रायव्हर? रिअल?" तो तरुण गंभीरपणे म्हणाला, "पार्ट टाइम, अंकल." त्याच्याकडून त्यांनी ब्रेक लावून दाखवून घेतला. शेवटच्या डब्यातल्या सांताक्लॉजपुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि परत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "तो खोटा आहे. पण त्याचा गाडीशी काही संबंध दिसत नाही." एवढं झाल्यावर, आम्ही काही बोलायच्या आत, ते स्वतःच पहिल्या डब्यात चढले.

सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे कानाशी, हातात उभी धरलेली छत्री, भोवती शाळकरी मुलं, डोक्यावर फेसाचा बर्फ, आणि चेहऱ्यावर वर्गात चिठ्ठी शोधणाऱ्या पर्यवेक्षकाचा भाव, असे आबा त्या झाडाभोवती फिरले. लोक फोटो काढत होते. शर्वरीने तोंडावर हात धरला होता. ईरा मात्र हसत नव्हती. ती निकालाची वाट पाहत होती.

आबा उतरले, खांद्यावरचा फेस झटकला आणि नातीपुढे वाकले. "घंटा खोटी आहे, यंत्रातून वाजते. त्या वळणावर डबा कुरकुरतो आणि थोडा कलतो. तिथे दांडा घट्ट धरायचा. मध्ये एकदा थांबल्यासारखं वाटतं, पण थांबत नाही. बाकी चालेल."

ईराने मान डोलावली. "यू स्टँड हिअर," म्हणाली आणि एकटी जाऊन बसली. काही होणार नाही असं आम्ही तिला वर्षभर सांगत होतो. काय काय होणार आहे ते तिला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं होतं. वळणावर डबा कुरकुरला, तिने दांडा धरला आणि आबांकडे बघून ओरडली, "करेक्ट."

जानेवारीत शाळेची बस आली तेव्हा आबांनी तिचीही चौकशी केली. बसमधल्या आंटीने त्यांना टायरसुद्धा मोजू दिले. ईरा बसली. शर्वरी त्या दिवसापासून सासऱ्यांच्या तपासणीवर एक शब्द बोललेली नाही. उलट, नवा मिक्सर आणला तेव्हा तिने तो आधी त्यांच्यापुढे ठेवला.

मागच्या डिसेंबरला आबा पुन्हा आले. थोडे वाकले आहेत, त्यामुळे गाडीखाली पाहायला त्यांना आता कमी श्रम पडतात, असं ते म्हणाले. आम्ही सगळे परत त्या पटांगणात गेलो. बरोबर ईराची एक मैत्रीण होती. आबांनी छत्री सावरली, चाकावर टकटक केली, आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू ताठ होईपर्यंत गाडी सुटलीसुद्धा होती. दोघी मुली केव्हाच जाऊन बसल्या होत्या.

"न विचारता बसली," आबा म्हणाले.

"चांगलं आहे की, आबा."

"चांगलंच आहे," ते म्हणाले.

गाडी आमच्या समोरून गेली तेव्हा ईरा मैत्रिणीला काहीतरी सांगण्यात गुंग होती. आबांनी हात वर केला होता, तो थोडा वेळ तसाच राहिला. मग ते मला म्हणाले, "चला, कुठे टेकायला जागा मिळते का पाहू." मागे एक बाक रिकामा होता. आबा त्यावर बसले. बसण्याआधी त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.