मुरायला ठेवलेलं गाणं

कानसाहेब कुणाशीही बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसत. मान किंचित वळवून ते त्याच्याकडे उजवा कान करत. नव्या माणसाला वाटायचं, यांना आपला काहीतरी राग आलाय. जुन्याला माहीत असायचं, आपली तपासणी चाललीय. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं अडत दुकान होतं आणि हे नाव त्यांना तिथल्या हमालांनी दिलेलं. सौद्याला हळदीचा ढीग पुढे आला की बाकीचे व्यापारी रंग बघायचे, वास घ्यायचे. हे एक हळकुंड उचलायचे, कानाशी नेऊन मोडायचे आणि ‘वाळलीय’ किंवा ‘ओली आहे’ एवढंच सांगून पुढे चालू लागायचे. नीट वाळलेली हळद मोडताना म्हणे भांड्यासारखी वाजते. मी ‘म्हणे’ म्हणते, कारण मला ती कधी वाजलेली ऐकू आली नाही. मी कानसाहेबांची बायको. तोंडावर ‘अहो’ म्हणायचे, पाठीमागे कानसाहेबच.

साताऱ्याला ते मला बघायला आले तेव्हाही मान अशीच. मी तेव्हा कॉलेजात जात होते आणि साऱ्या साताऱ्यात आपल्याएवढी अक्कल कुणाला नाही अशी माझी पक्की समजूत होती. मामीची निळी नायलॉनची साडी नेसून, पाटावर घामाघूम होऊन बसले होते. मुलगा माझ्याकडे बघतच नव्हता. मला वाटलं, काय हा सुसंस्कृतपणा! पोहे संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तोही माझ्या वडिलांना: हा पंखा केव्हापासून असा वाजतोय? वडील ओशाळले. मला मात्र त्यात काव्य दिसलं. पुढचे आठ दिवस मी मैत्रिणींना सांगत सुटले होते, माणूस फार खोल आहे गं. खोल कसला, पंख्याचं बेअरिंग ऐकत बसला होता.

तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मला गाणंही म्हणायला लावलं. संपल्यावर ते म्हणाले, “पहिल्या ओळीला आवाज खरा होता. नंतर तुम्ही विचार करायला लागलात.” हे कौतुक आहे असं समजून त्या मूर्ख मुलीनं ते वाक्य कित्येक वर्षं जपून ठेवलं. ते कौतुक नव्हतं, तो निकाल होता. पहिल्यांदा ऐकू येतं ते खरं, दुसऱ्या वेळी माणूस स्वतःलाच ऐकतो, हे त्यांचं तत्त्व. ते त्यांनी नव्या मिक्सरला लावलं, होणाऱ्या जावयाला लावलं, माझ्या आमटीला उकळी फुटण्याच्या आवाजालाही लावलं. आमटीला त्यांनी नापास केलं होतं. जावई थोडक्यात पास झाला.

घरात आधी रेडिओ होता, मग टेप आला, मग डेक, मग सीडीच्या चकत्यांचं मशीन. प्रत्येक यंत्र आलं की भिंतीपासून किती लांब ठेवायचं यावर आमची भांडणं. एकदा दिवाळीच्या ऐन धांदलीत त्यांनी बैठकीच्या खोलीतला सोफा बाहेर काढून गाद्या उभ्या लावल्या होत्या, का तर खोली घुमते. पाहुणे आले ते उभ्या गाद्यांमध्ये चिवडा खाऊन गेले. दर गुरुवारी दुपारी दोन मित्र गाणं ऐकायला यायचे. एक आष्ट्याचे आण्णा, हळद पिकवणारे आणि आमच्याच दुकानी घालणारे. दुसरे इब्राहिमभाई, ज्यांचा जन्म लग्नांना मांडव आणि स्पीकर पुरवण्यात गेला. तिघं डोळे मिटून बसायचे आणि मी चहाचे कप घेऊन उभी राहायचे, कारण चालू तानेत बशीचा आवाज झालेला चालायचा नाही.

सत्तरी ओलांडल्यावर कानसाहेबांच्या मते जगातली सगळी यंत्रं एकदम बिघडली. कुकरच्या शिट्टीत दम राहिला नाही, नवा कुकर आणला तर तोही तसलाच. दारावरची बेल मेली. मोबाइलवाले फसवतात. चिमण्या ओरडेनाशा झाल्या. हे शेवटचं थोडंफार खरं असेल म्हणून मी वाद घातला नाही. बाकीच्यांवर घातला. “अहो, कान दाखवून या,” असं मी म्हटलं की ते इतक्या थंडपणे दुसऱ्या खोलीत निघून जायचे, की मी काहीतरी अभद्र बोलले असं मलाच वाटावं.

आणि मग आण्णांच्या हळदीचं ते प्रकरण झालं. आमचा मुलगा सुधीर दुकान बघतो, त्यानं येऊन मला सांगितलं. भर सौद्यात बाबांनी आण्णांचं हळकुंड मोडलं आणि ‘ओली आहे’ म्हणून सांगितलं. हळद खडखडीत होती, शेजारच्या पोरासोरांनाही कळत होतं. आण्णांनी पोती परत गाडीत भरली आणि आष्ट्याला गेले. सुधीरनं त्यानंतर वडिलांना सौद्याला नेणं बंद केलं. सबब सांगितली गुडघ्यांची. ते काहीच म्हणाले नाहीत, आणि त्याचंच मला भय वाटलं. ज्या माणसाला लोक कानानंच ओळखतात, त्याचे कान गेले तर उरतं काय? हे त्यांना कळत होतं. म्हणूनच तर ते कबूल करत नव्हते.

महिनाभरानं घरात एक यंत्र आलं. सुधीरकडून मागवलेलं, परदेशी. किंमत मी विचारली, बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं, मी परत विचारली नाही. माझ्या लग्नाचा शालू ज्या पेटीत आला तिच्यापेक्षा त्याची पेटी देखणी. आत काळ्या धातूची एक वडी. हातात घेतली तर दुकानातलं लोखंडी वजन उचलल्यासारखी जड. कोपऱ्यात सोनेरी चकती, ती फिरवली की कट्कट् असा बारीक आवाज. सोबत दोन मोठ्या वाट्यांचे हेडफोन. नवी वस्तू म्हणून मी हळदीकुंकू लावायला गेले तर त्यांनी माझा हात वरच्या वर धरला.

यात रेडिओ लागतो का, मी विचारलं. नाही. फोन? नाही. फोटो तरी निघतात? नाही.

“मग करतं काय हे?”

“ऐकवतं,” ते म्हणाले, आणि एवढ्या प्रेमानं त्यांनी माझं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं.

त्यांनी हेडफोन चढवून गाणं लावलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी. थोड्या वेळानं त्यांनी ते काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, आवाज झाकलेला आहे. हे नवं असताना असंच असतं, याला मुरावं लागतं. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं, की असली यंत्रं नुसती वाजत ठेवायची, दिवसच्या दिवस, मग आवाज उघडतो. ‘पहिलं ऐकणं खरं’ त्याचं काय झालं, हा प्रश्न माझ्या अगदी ओठावर आला होता. गिळला. असले गिळलेले प्रश्न मी मोजत नाही.

आता मुरवायचं म्हटल्यावर हळदीच्या व्यापाऱ्याला दुसरं काय सुचणार? हरिपूरला जमिनीखाली पेवं आहेत, त्यात पूर्वी हळद भरून तोंड लिंपून टाकायचे. वारा नाही, उजेड नाही, आतल्या आत रंग चढायचा. कानसाहेबांनी ते परदेशी यंत्र हेडफोनसकट जुन्या धोतरात गुंडाळलं आणि माझ्या तांदळाच्या कोठीत पुरलं. चार्जिंगची वायर झाकणाच्या फटीतून बाहेर. ज्यांनी ते यंत्र बनवलं त्यांनी हे पाहिलं असतं तर डोकं धरून बसले असते. मी तर रोज बसत होते. वाटीभर तांदूळ काढायला झाकण उघडावं तर खाली कुणी बाई जीव तोडून आळवतेय. पाहुण्यांसमोर मी भात शिजवायचं टाळू लागले. कोठी कोमट राहायची. तांदळाला कीड लागली नाही, एवढाच त्या यंत्राचा मला आजवर झालेला फायदा.

दर दोन दिवसांनी ते उकरून काढायचे, ऐकायचे, परत पुरायचे. अजून नाही. अजून नाही. मला राग यायचा आणि मग त्यांच्या पाठीकडे बघून जायचा, आणि मग परत तांदूळ सांडलेले दिसले की यायचा.

शेवटी मित्रांनीच लकडा लावला. एका गुरुवारी यंत्र बाहेर आलं. कानसाहेबांनी आधीच बजावलं, की पहिलं मत सांगायचं, विचार करून बोलायचं नाही. इब्राहिमभाईंनी हेडफोन लावले आणि एवढा गडगडाटी माणूस एकदम लहान झाला. “आवं, बाई श्वास घ्याय लागल्यात,” ते म्हणाले, “जनू हितंच बसल्यात.” आण्णांनी बराच वेळ ऐकलं. तंबोऱ्याच्या तारेवरनं बोट कवा उचललं ते बी कळतंय, म्हणाले. मग कानसाहेबांची पाळी. त्यांनी चकती फिरवली, आणखी फिरवली. आम्हाला बाहेर ऐकू येईल इतका आवाज चढला. मग त्यांनी हेडफोन काढले.

“अजून मुरला नाही,” ते म्हणाले.

इब्राहिमभाई गालिच्याचं टोक सरळ करू लागले. आणि त्या वेळी कानसाहेबांनी काय करावं, तर हेडफोन माझ्याकडे केले. आयुष्यात पहिल्यांदा. मी वाट्या कानांवर चढवल्या, डोकं हलेना एवढं ओझं. आणि आत सगळं लख्ख. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण मागे कुणीतरी खोकलं ते कळलं, आणि गाणाऱ्या बाईंच्या हातात बांगड्या होत्या, त्या मधूनच किणकिणत होत्या. मी मान वर केली. तिघं माझ्याकडे बघत होते. या घरात एकदा तरी मी जिंकावं म्हणून इतकी वर्षं थांबले होते, आणि एवढी सोन्यासारखी संधी आली होती.

“मला बाई दबकाच वाटला,” मी म्हटलं.

चहा लवकर संपला. मित्र गेल्यावर ते धोतराची घडी घालत बसले. मग मान वळवून कान माझ्याकडे केला.

“तू खोटं बोललीस. पहिल्या शब्दालाच कळलं. काय ऐकू आलं?”

मी सांगितलं, बांगड्या.

 मला वाटलं, आता ते उठून जातील. पण त्यांनी विचारलं, “काचेच्या की सोन्याच्या?”

मला काय ठाऊक! त्यांनी मला परत ऐकायला लावलं. काचेच्या, मी म्हटलं. किती? डाव्या हाताच्या की उजव्या? तान घेताना वाजतात की समेवर? सम म्हणजे काय ते आधी सांगा, मी म्हटलं. संध्याकाळचा स्वयंपाक त्या दिवशी झाला नाही. पुढचे कितीतरी दिवस माझं हेच काम. मी वाट्या लावून बसायचे, ते समोर, आणि मी आतलं एकेक बाहेर सांगायचं. माझं वर्णन त्यांना पसंत पडायचं नाही. “‘छान’ म्हणजे काय? ‘छान’ हा आवाज नाही,” म्हणायचे. असा छळ सासूनंही केला नव्हता.

पुढच्या गुरुवारी ते मित्र बसायच्या आधीच बोलले. उभ्यानंच.

“आण्णा, तुझी हळद वाळलेली होती. मला ऐकू आलं नाही.”

आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मला तवाच कळलं हुतं,” ते म्हणाले. “पर तुमास्नी सांगायचं कुनी?” मग म्हणाले, “औंदाच्या हळदीला वैनीस्नी घिऊन या सौद्याला.” इब्राहिमभाई हसले, मग कानसाहेबही हसले. मी हसले नाही, कारण कानसाहेबांनी मला खरोखरच नेलं असतं. आणि नेलंच.

त्यानंतर मिरजेला जाऊन त्यांनी कानाचं मशीन बसवून घेतलं. दवाखान्यातून बाहेर पडलो, रिक्षात बसलो, आणि ते माझ्या हाताकडे बघत म्हणाले, “तुझ्या बांगड्या.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साताऱ्याची ती नायलॉनच्या साडीतली मुलगी, या वयातही मेली नव्हती. रिक्षा वळल्यावर त्यांनी वाक्य पुरं केलं. “फार वाजतात.”

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ते गेले, दुपारी, झोपेत, कुणाला हाक न मारता. तेराव्याला गल्लीतल्या भजनी मंडळानं भजन ठेवलं होतं. माणसं रडत होती, सुधीर रडत होता, इब्राहिमभाई भिंतीला टेकून तोंड झाकून बसले होते. मला रडू येईना. बायका माझ्याकडे काळजीनं बघायला लागल्या, कुणी पाठीवरून हात फिरवला. काय सांगणार? भजनवाल्यांच्या माइकला एक बारीक घरघर होती. पहिल्या ओळीपासून. मला दुसरं काही ऐकूच येईना. शेवटी मी उठले, भर भजनात, माणसांमधून वाट काढत स्पीकरच्या पेटीपाशी गेले आणि तिथल्या पोराला म्हटलं, अरे, तुझी वायर ढिली आहे, ती आधी नीट खोच. त्यानं खोचली. घरघर थांबली. मग मी जागेवर जाऊन बसले आणि मला रडता आलं.