शटरच्या आतल्या बायका

सोलापुरात भवानी पेठेतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं शाळेचे गणवेश शिवले. आता तिथं नाही, दुसरीकडं शिवते. पण तिथल्या आम्ही तिघी कुठं लग्नात, बाजारात भेटलो की एकीनं तोंड उघडायचा अवकाश, गोष्टींची रांगच लागते. एक संपली की "अगं, आणि ते आठवतंय का" म्हणून दुसरी. ऐकणारे हसतात. आम्हीही हसतो. मग घरी जाताना रिक्षात माझा जबडा दुखायला लागतो, तेव्हा कळतं की इतका वेळ मी दात आवळून बसले होते.

तिघी म्हणजे मी सुनंदा, माहेर नातेपुत्याचं. दुसरी पद्माक्का, तेलुगू, विणकरांच्या घरातली, कारखान्यात सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत कमी बोलणारी. तिसरी शबाना. ती फाटक्या तोंडाची, पण तिच्यामुळंच आम्ही तिथं टिकलो. खाली कारखाना, वर मालकांचं घर. देखरेखीला कटिंगमास्तर. एवढीच माणसं ध्यानात ठेवा, बाकीच्या बायका होत्याच आजूबाजूला.

*

कारखान्यात बाथरूम एकच, आतच मागच्या भिंतीशी. त्याला कुलूप, आणि किल्ली मालकांच्या टेबलावर. किल्लीला लाकडाचा एक ठोकळा बांधलेला, म्हणजे ती कुणी घेतली की साऱ्या कारखान्याला दिसावी. समोर व्यापारी बसलेले असले तरी मालक मोठ्यानं म्हणायचे, "परत? आत्ता तर जाऊन आलीस की."

एवढं ऐकल्यावर कोण मागतंय किल्ली? आम्ही पाणी पिणंच सोडलं. उन्हाळ्यात मला जळजळ सुरू झाली, अंगात ताप भरला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "पाणी का पीत नाही तुम्ही?"

मी म्हणाले, "मालकांना विचारावं लागतंय."

आमच्याकडं बायका नवऱ्यालाही मालक म्हणतात. बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाणी प्यायला विचारावं लागतं? कसला माणूस आहे हा? घेऊन या त्याला माझ्याकडं."

"नवरा न्हवं बाई. नवरा लई चांगला हाय. कारखान्याचे मालक."

बाईंनी पेन परत उचललं. मग त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, पाणी भरपूर प्यायचं, लघवीला रोखून धरायचं नाही. ती चिठ्ठी मी मालकांसमोर ठेवली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि मला परत दिली.

"मग घरनं पिऊन येत जा की."

*

सोलापूरचा उन्हाळा मी काय सांगायचा. त्यात पांढऱ्या कापडावर धूळ बसते म्हणून खिडक्या बंद. कटिंग चालू असलं की कापड उडतं म्हणून पंखे बंद. आणि कटिंग दिवसभर चालू.

फक्त एका कोपऱ्यात काचेची खोली होती. तिच्यात एसी. आत शाळांचे बिल्ले भरतकामानं काढणारी कॉम्प्युटरची मशीन. ती तापली की बंद पडायची, म्हणून तिला गारवा.

एका दुपारी पद्माक्का शिवता शिवता मशीनवरच आडवी झाली. मास्तर आणि मी तिला उचललं आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्या काचेच्या खोलीत नेऊन निजवलं. मालक पळत आले. मला वाटलं, पाणी आणा म्हणतील, रिक्षा बोलवा म्हणतील.

"आधी तिच्या चपला काढा," ते म्हणाले. "मशीनला धूळ चालत नाही."

जरा वेळानं पद्माक्कानं डोळे उघडले. इकडंतिकडं बघून म्हणाली, "मी कुटं हाय?"

शबाना तिच्या उशाशी बसली होती. म्हणाली, "मशीन के घर में है अक्का. जल्दी अच्छी हो जा, उसकू तकलीफ हो री."

*

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा असते. झेंडूचे हार, नारळ, हळदीकुंकू. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, तिला सुट्टी. मालक दरवर्षी नारळ फोडून झाल्यावर बोलायचे, "आपण सगळे एका घरातली माणसं आहोत. हा कारखाना म्हणजे आपलं कुटुंब."

मग पेढा द्यायचे आणि आम्हाला झाडून काढायला, गठ्ठे बांधायला आणि गोदाम लावायला सांगायचे. हाताचं काम, त्याला मशीन लागत नाही.

एका वर्षी गठ्ठा बांधता बांधता पद्माक्का, जी चार चार दिवस बोलायची नाही, ती हाराखालच्या मशीनकडं बघत म्हणाली, "फुडच्या जन्मी मशीनच व्हायचं बग सुनंदा. येळच्या येळी तेल तरी घालत्यात."

*

शबानाच्या बोटात सुई मोडली ती याच्याच पुढच्या वर्षी.

ऑर्डरची घाई होती. पांढरे शर्ट. सुई नखातून आरपार गेली आणि मोडली. अर्धी मशीनला, अर्धी बोटात. तिची किंकाळी वर मालकांच्या घरापर्यंत गेली असेल. मालक आले. त्यांनी आधी शर्ट उचलला आणि ट्यूबलाइटसमोर धरून शिवण शिवण तपासायला लागले.

"तुकडा कापडात तर नाही ना राहिला? पोरांना टोचेल."

शबानाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी म्हणाली, "मेरी उँगली में है, मालक. कपडा साफ है."

मास्तर आणि मी तिला घेऊन दवाखान्यात निघालो. रिक्षात मास्तरांनी तिला पढवलं, "कारखान्याचं नाव काढू नको. घरी शिवताना लागलं म्हण. नाहीतर भानगड होईल, मग मालक कुणालाच ठेवणार नाहीत." मास्तर मनाचे वाईट नव्हते. त्यांनाही त्यांची नोकरी होती. पण त्या बाईच्या बोटातून रक्त माझ्या मांडीवर गळत होतं आणि हा माणूस तिच्याकडून खोटं पाठ करून घेत होता. मला त्यांना रिक्षातून ढकलून द्यावंसं वाटलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठं लागलं?"

"घर में," शबाना म्हणाली.

"काय शिवत होता?"

"शर्टाँ. सफेद. स्कूल के."

"मुलांचे? किती मुलं आहेत तुम्हाला?"

शबानानं मास्तरांकडं बघितलं. "पूरी स्कूल है, डाक्टरसाब."

डॉक्टर हसले. मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. तिचं ते बोट अजून वाकत नाही. ही गोष्ट सांगताना ती ते सगळ्यांना दाखवते, हसत हसत. मी दुसरीकडं बघते.

*

आता जी सांगते ती आम्ही लग्नात-बाजारात सांगत नाही.

शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने म्हणजे आमचा सीझन. त्या दिवसांत मालक शटर बाहेरून ओढून घ्यायचे आणि कुलूप लावायचे. बायका आत. कारण सांगायचे, गिऱ्हाईक मध्ये मध्ये येतं, कामाचा खोळंबा होतो. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. कुणी वेळेवर घरी जाऊ नये. मागच्या बोळाच्या दाराशी तर कापडाच्या गाठी रचलेल्या, दार आहे हेही विसरायला झालं होतं.

एका दुपारी इस्त्रीच्या बोर्डातून ठिणगी उडाली आणि खालच्या गठ्ठ्यावर पडली. गणवेशाचं कापड सुतासारखं जळत नाही. वितळतं, आणि काळा धूर सोडतं. बघता बघता पलीकडची बाई दिसेना. आम्ही शटरवर हात आपटायला लागलो. वरच्या घरात त्या दुपारी कुणी नव्हतं. किल्ली मास्तरांकडं आणि मास्तर चहाला. फोन लावला तर त्यांचा फोन आतच, कटिंगच्या टेबलावर वाजत होता. पद्माक्का एकटी मागं राहिली आणि ओल्या पोत्यानं आग झोडपत होती. मी तिला हाका मारत होते. मला माझी मुलगी आठवली. घराची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, ती शाळेतून येऊन दारात बसेल, एवढंच डोक्यात येत होतं.

समोर पिठाची गिरणी होती. गिरणीवाले काका पहार घेऊन आले आणि त्यांनी कुलूप तोडलं. आम्ही रस्त्यावर येऊन पडलो. काकांनी आणि पेठेतल्या माणसांनी बादल्यांनी आग विझवली. पद्माक्काला ओढून बाहेर काढली तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

तेवढ्यात मालक स्कूटरवरून आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी आत बघितलं, आमच्याकडं बघितलं, मग खाली वाकून रस्त्यावरचं कुलूप उचललं.

"हे कुणी तोडलं?"

गिरणीवाले काका म्हणाले, "मी."

"अहो, मास्तर कोपऱ्यावरच होता की चहाला. किल्ली मागवायची होती."

काकांच्या हातात अजून पहार होती. त्यांनी ती हळूच भिंतीला टेकवून ठेवली. मला अजून वाटतं, त्यांनी ती मुद्दामच हातातून सोडली.

*

पद्माक्काचा हात बरा व्हायला वेळ लागणार होता, तरी ती डाव्या हातानं होईल तेवढं करायला कामावर येत होती. दवाखान्याचं बघा म्हणून आम्ही मालकांकडं गेलो, तर ते म्हणाले, "अक्का, तू कामगार कुठंयस? तुम्ही सगळ्या मदतीला येता. घरच्यासारख्या."

त्या शब्दावर आम्ही तिघी कामगार ऑफिसात गेलो. घाबरत घाबरत. पद्माक्काचा हात पट्टीत. टेबलावरच्या क्लार्कनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही तिथं कामाला आहात याचा पुरावा आणा."

आमच्याकडं काय असणार? ओळखपत्र नाही, हजेरीची नोंद नाही, साधी चिठ्ठीसुद्धा नाही.

शबाना म्हणाली, "लाती साब. पर अंदर गए तो बाहर छोडतेच नहीं."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आतून एका बाईचा आवाज आला, "त्यांना इकडं पाठवा." त्या निरीक्षक मॅडम. वयानं आमच्यापेक्षा लहान. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि सगळं ऐकलं. पद्माक्काची पट्टी बघितली, शबानाचं बोट बघितलं. निघताना म्हणाल्या, "मी येईन. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटची गोष्ट सुखानं सांगता येईल. केस झाली. मागचं दार मोकळं झालं, शटरला बाहेरून कुलूप लावणं बंद झालं, बायकांना कार्डं मिळाली. पद्माक्काच्या औषधाचं मालकांना करावं लागलं. मला आणि शबानाला त्यांनी दुसऱ्याच कारणावरून काढलं आणि ते भांडण अजून चालू आहे. पद्माक्का तिथंच आहे. उजवा हात पूर्ण वर जात नाही, काजं-बटणं करते. जिंकलो म्हणावं तर तसंही नाही. पण मॅडम आल्या तो दिवस मात्र आमचा होता.

*

मॅडम येणार ही कुणकुण मालकांना कुठून लागली, देव जाणे. सकाळी कामावर गेलो तर शटर अर्धं. आत मशीनवर चादरी टाकलेल्या.

"आज काम बंद," मालक म्हणाले. "सगळ्या वर चला. कुणी विचारलं तर सांगायचं, वहिनींनी हळदीकुंकवाला बोलावलंय."

शबाना म्हणाली, "मैं बी?"

"तू पण. पदर नीट घे."

इतक्या वर्षांत आम्ही तो जिना कधी चढलो नव्हतो. वहिनी, म्हणजे मालकांच्या बायको, त्याही कधी खाली उतरल्या नव्हत्या. त्यांचं चालणं, त्यांचा मिक्सर, तेवढं आम्हाला डोक्यावर ऐकू यायचं. आता त्यांच्या सोफ्यावर आम्ही दाटीवाटीनं बसलो. साड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. पट्टीतला हात मांडीवर घेऊन पद्माक्का वहिनींच्या खुर्चीशेजारी, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. वहिनी एकेकीला कुंकू लावत होत्या.

मॅडम आल्या. आम्हाला त्यांनी एकदा बघून घेतलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"हळदीकुंकू का? अरे वा."

"हो मॅडम," मालक म्हणाले. "सगळ्या घरच्याच आहेत."

मॅडम बसल्या. त्यांनीही कुंकू लावून घेतलं. मग वहिनींना म्हणाल्या, "ओळख करून द्या की तुमच्या पाहुण्यांची."

वहिनींनी मालकांकडं बघितलं.

"त्यांच्याकडं नका बघू," मॅडम म्हणाल्या. " तुमच्या पाहुण्या आहेत ना, तुम्हीच सांगा."

वहिनी पद्माक्काकडं वळल्या. जरा वाकून, अगदी हळू विचारलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमचं नाव काय हो?"

पद्माक्कानं डाव्या हातानं गळ्यातली टेप काढली आणि मांडीवर ठेवली.

"पद्मा," ती म्हणाली. "तुमच्या खालीच बसते की मी. तुमी नवरी होऊन आलात तवापासनं."